कोर्टावर घातलेला सडा

आधी गुन्हा कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, पाथर्डीत माणसं घागरभर पाण्यासाठी उन्हात रांग लावून बसत होती तेव्हा, मी शाळेचा पिण्याच्या पाण्याचा अख्खा हौद बास्केटबॉलच्या मैदानावर ओतला. चुकून सांडला म्हणावं तर तसंही नाही. सातवीच्या मुलींची साखळी लावून, बादली बादलीनं, "आटपा गं, ऊन व्हायच्या आत झालं पाहिजे!" असं ओरडत ओतला.

बावीस वर्षांची होते. नगरच्या कॉलेजात बास्केटबॉल खेळलेली, आणि पाथर्डीच्या मुलींच्या शाळेत खेळाची बाई म्हणून नुकतीच लागलेली. दोन वेण्या वर बांधायच्या, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायचे, आणि गळ्यातली शिट्टी काढायची नाही. बाजारात वांगी घेतानाही नाही. एकदा भाजीवाल्यानं मापात मारलं तेव्हा मी ती खरंच वाजवली होती. त्या मुलीला आज रस्त्यात पाहिलं तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

हे सगळं आठवायला कारण झालं यंदाचं ऊन. चैत्र निम्मा झाला आणि आमच्या नगरच्या गल्लीत टँकर आला. निळ्या पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आणि रस्त्यावरची धूळ भिजल्याचा वास आला, की माझं मन उठून थेट पाथर्डीला जाऊन बसतं. मी खिडकीत उभी होते आणि मागं माझी नात मुक्ता पलंगावर पालथी पडून मोबाईलवर काहीतरी बघत होती.

"आजी, हे बघ. सगळ्यात मोठे फ्लॉप."

अमेरिकेतले खेळाडू होते. बास्केटबॉल खेळून पोट भरणारे; पोट कसलं, बंगले भरणारे. एकेकाचा चेहरा यायचा, तो किती मोठा होईल असं सगळ्यांना वाटलं होतं ते एक माणूस घाईघाईनं सांगायचा, आणि मग चेहऱ्यावर टप्पकन लाल फुली पडायची.

"यानं काहीच केलं नाही, आजी."

"काहीच नाही? मग तिथवर पोचला कसा?"

"म्हणजे अपेक्षेइतकं नाही केलं."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

"त्या सगळ्यांना उडी मारता येते का?"

मुक्तानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती फोनची बॅटरी संपत आली की फोनकडे बघते. मी पुन्हा खिडकीकडे वळले. पण ती लाल फुली डोळ्यांसमोरून जाईना, कारण तशीच एक फुली मी एका माणसाच्या अगदी जवळ आलेली पाहिलेली आहे, आणि ती माझ्याच हातून पडायची होती.

तो उन्हाळा तुम्ही पाहिला असेल तर मी काय सांगायचं. पाहिला नसेल तर असं समजा की सगळ्या वासांतला ओलावा निघून गेला होता. भाकरी असायची लाल मिलो ज्वारीची, परदेशातून आलेली. थापली की कडेनं चिरायची, आणि घशाखाली जाताना आपण कुठल्या मुलखातून आलो ते सांगत जायची. शाळेत सुकडी वाटली जायची, तिचा गोडसर भाजका वास मुलींच्या वह्यांनासुद्धा लागायचा. दिवसभर लांबून खडी फोडल्याचा आवाज. हजारो हातोड्या, पण त्यांचा एकच ठेका कधी जुळायचा नाही. गावाबाहेरचं तळं आटून त्याच्या तळाला भेगा पडलेल्या, आणि त्या तळातला गाळ काढायचं दुष्काळी काम निघालेलं. बाया-माणसं डोक्यावर पाट्या घेऊन तळ्याच्या पोटातून वर यायची, काळ्या मातीनं कोपरापर्यंत माखलेली. आणि या सगळ्यात मी गळ्यात शिट्टी घालून मुलींना लेअप, म्हणजे धावत येऊन उडी मारून चेंडू टाकणं, शिकवत होते. मुली शिकतही होत्या, हे त्याहून मोठं नवल.

आमचं कोर्ट म्हणजे मुरमाचं पटांगण. दोन सागवानी खांब, फळ्या ठोकून केलेले बोर्ड, आणि बैलगाडीच्या चाकाला बसवायची लोखंडी धाव कापून लोहारानं वळवून दिलेली दोन कडी. त्यांतलं एक जरा अंड्याच्या आकाराचं होतं. त्या बाजूला चेंडू टाकायला आमच्या मुली इतक्या सरावल्या होत्या, की बाहेरगावी गोल कडं दिसलं की त्यांचा नेम चुकायचा.

या कोर्टावर मला दानूदादाला खेळवायचं होतं.

दानू म्हणजे दानियल पाटोळे. पाथर्डीजवळच्याच एका वाडीतला. लहानपणी नगरला मिशनच्या बोर्डिंगात शिकायला गेला, आणि तिथं कुणाच्या तरी लक्षात आलं की या पोराला चेंडू वर फेकावा लागत नाही, नेऊन ठेवता येतो. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तिथल्याच कोर्टावर. आम्ही कॉलेजच्या मुली तारेच्या कुंपणात बोटं अडकवून उभ्या. तो धावत यायचा, एक पाय जमिनीवर आपटायचा, आणि मग जरा वेळ खाली यायचाच नाही. म्हणजे येत असणारच. पण आम्ही रोखलेला श्वास सोडेपर्यंत तो वर असायचा.

"आजी, तुझा क्रश होता का?" मी हे तिला सांगत होते, तर मुक्तानं इथं अडवून विचारलंच. होता. आमच्या वेळी त्याला खेळाची आवड म्हणत.

पुढं मुंबईच्या एका कापडगिरणीनं त्याला उचललं. गिरण्या, रेल्वे, पोलीस, बँका, सगळ्यांचे तेव्हा खेळाचे संघ असत. कागदावर तुम्ही कारकून नाहीतर वॉचमन, खरं काम संध्याकाळी मैदानावर, पगार खेळण्याचा. दानूदादा गिरणीच्या संघात गेला आणि इकडे तालुक्यात ठरून गेलं की आता हा भारताकडून खेळणार. कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, माहीत नाही. न्हाव्याच्या दुकानात ठरलं होतं, एस.टी. स्टँडवर ठरलं होतं, आणि सगळ्यांत पक्कं मी ठरवलं होतं. त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्याचे वडील आमच्या शाळेवरून रोज जायचे. पाटोळेबाबा. वाडीतल्या छोट्या चर्चची घंटा वाजवायची आणि उरलेला वेळ कोरडवाहू शेत करायचं, असं त्यांचं आयुष्य. त्या वर्षी शेतात काही नव्हतं म्हणून तळ्याच्या कामावर होते. दर रविवारी प्रार्थनेत उभं राहून म्हणायचे, माझा दानू हिंदुस्तानच्या टीमात जानार हाय, त्याला बळ दे. माझ्या मुली खेळताना दिसल्या की बाबा डोक्यावरची पाटी खाली ठेवून कुंपणापाशी यायचे.

"बाई, त्या टोपलीला बूड नसतं, खरं का?"

"खरं, बाबा."

"मंग आमचा दानू बी दिसभर चेंडू टाकतो अन् त्यो खालीच पडतो?"

"हो."

"अन् त्याचा पगार देत्यात?"

"देतात ना."

बाबा वर आभाळाकडे बघायचे. आभाळात त्या वर्षी बघण्यासारखं काही नव्हतं, पण ते बघायचे. "देवाची करनी," म्हणायचे, आणि पाटी उचलून चालू लागायचे.

त्यांनीच एक दिवस सांगितलं की दानू ईस्टरच्या सणाला घरी येतोय. झालं! माझ्या डोक्यात सत्कार शिरला. आपल्याकडे सत्कार एकदा डोक्यात शिरला की तो नारळ फुटल्याशिवाय बाहेर येत नाही. मी हेडसरांना पटवलं, हेडसरांनी सभापतींना पटवलं. फेटा, हार, बँड, तालुक्याच्या संघाबरोबर दानूदादाचा प्रदर्शनीय सामना, आणि मग पताका लावलेल्या बैलगाडीतून मिरवणूक. बैलजोडी गुरांच्या छावणीतून मागून आणली. बिचारे बैल छावणीत नुकते कुठं जरा पोटाला लागले होते.

मैदानाची काळजी बाबांना. मुरमावर पडलं की गुडघा सोलून निघतो हे त्यांनी माझ्या मुलींचं पाहिलं होतं. "तळ्यातला गाळ टाकू, बाई. लोन्यावानी हुईल," म्हणाले, आणि कामावरच्या गाड्यांतून त्यांनी गाळ आणून टाकला, स्वतःच्या हातानं पसरला, ढेकळं फोडली. जाताना बजावलं, "वरनं नुस्तं शिंपडा. हात वला करून झटकल्यावानी. गाळ हाय ह्यो."

मी नगर शहरात वाढलेली. माती म्हणजे तुळशीची कुंडी, एवढाच माझा मातीशी संबंध. मला वाटलं, म्हातारा माणूस, पाण्याला जपतोय. धूळ बसली पाहिजे, फक्कीच्या रेषा उठून दिसल्या पाहिजेत, दानूदादाच्या पांढऱ्या बुटांना डाग लागता कामा नये! शिवाय तो टँकरचा वार होता. दुपारपर्यंत हौद परत भरणारच होता. एवढा हिशेब केला, आणि सकाळच्या शाळेच्या आधी मुलींना कामाला लावलं.

काळा गाळ पाणी पीत होता आणि आम्ही पाजत होतो. त्या वासानं मला भरून आलं. कित्येक महिन्यांत गावात ओल्या मातीचा वास आला नव्हता. मुलींनी बादल्या ठेवून नुसते पाय त्यात रोवले होते आणि त्या खिदळत होत्या. मी शिट्टी वाजवली नाही. त्या अख्ख्या सकाळी शहाणपणानं मी केलेली तेवढीच एक गोष्ट.

तेवढ्यात फाटकातून वाकून एक माणूस आत आला. हातात पत्र्याची ट्रंक. सकाळच्या एस.टी.नं उतरून वाडीची वाट धरण्याआधी, शाळेवर लावलेल्या पताका पाहून वळला होता.

"दानूदादा! ओळखलंत? नाही ओळखणार. मी कुंपणातली!"

"हे काय चाललंय, बाई?"

"तुमच्यासाठी! चार वाजता सामना. सभापती येतायत. बँड सांगितलाय. बाबांना सभापतींच्या शेजारची खुर्ची!"

तो ट्रंकेवर बसला. बसताना त्याचा उजवा पाय वाकला नाही, काठीसारखा पुढं सरळ राहिला. मुलींना मी वर्गात पिटाळलं.

"बाई," तो म्हणाला, "मला गिरणीनं कमी केलंय."

मी काहीतरी बोलले असेन. तो आपल्या गुडघ्याशी बोलावं तसं बोलत राहिला. "हा गेला. पहिल्यांदा वाटलं, होईल बरा. दोन वर्षं नुसता बाकावर बसून होतो. बाकीचे घामेजून आले की त्यांना टॉवेल द्यायचा. मग साहेबांनी बोलावलं. चांगले बोलले. चहा पाजला. खेळायला ठेवलं होतं, खेळ थांबला, आता कशाला ठेवतील?"

"आणि भारताचा संघ?" मी विचारलं. पाहा अक्कल.

"शिबिरापर्यंत गेलो होतो. तिथं कळलं, माझ्याएवढी उंच माणसं देशात पुष्कळ आहेत." तो हसला. मग हसू गेलं. "बाबांना यातलं काही ठाऊक नाही. सणाला आलोय म्हणायचं, सण होऊ द्यायचा, मग सावकाश घरात बसून सांगायचं, असं ठरवून आलो होतो. आणि आता चार वाजता, अख्ख्या तालुक्यासमोर, बाबा पुढच्या खुर्चीवर, आणि मी..."

कुठल्याही शहाण्या बाईनं त्या क्षणी सगळं रद्द केलं असतं, हेडसरांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं असतं, बँडवाल्यांना परत धाडलं असतं. मी म्हणाले, "एक हाफ तरी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, लहान मुलानं बाहुलीला ताप आलाय म्हणून सांगितल्यावर पाहावं तसं. मग त्याची नजर कोर्टावर गेली. ट्रंकेवरूनच वाकून त्यानं चिमूटभर माती उचलली आणि बोटांत वळली. गोळी झाली. गोल, चकचकीत, काळी.

"हा गाळ आहे?"

"तळ्यातला. बाबांनीच पसरलाय."

"पाणी किती घातलं?"

"अख्खा हौद!" मी छाती काढून सांगितलं.

तो त्या गोळीकडे बघत राहिला. आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळत गेला, वर्गात इन्स्पेक्टर येणार नाहीत म्हटल्यावर मुलींचे उजळतात तसा. "बाई," तो म्हणाला, "तो पलीकडचा कोपरा कोरडा दिसतोय. हौदाच्या तळाला बादली-दोन बादल्या असतील, त्याही घालू." आणि तसाच पाय ओढत जाऊन त्यानं स्वतः त्या घातल्या.

केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

इथं जरा थांबते. पुढच्या आयुष्यात मला एक खोड लागली. बँकेत, पोस्टात, रेल्वेच्या खिडकीमागं एखादा अवाजवी उंच माणूस टेबलाशी वाकून बसलेला दिसला, की मी विचारते, "कुठला खेळ?" आणि दर वेळी तो मान वर करतो. कुणी व्हॉलीबॉल म्हणतं, कुणी बास्केटबॉल. मग शिक्का मारता मारता हात क्षणभर हवेत थांबतो. अशी किती माणसं आपण खेळायला म्हणून नेली आणि खेळ संपल्यावर खुर्चीत घडी घालून ठेवली. बरं, त्यांनी कुणाला कसला शब्द दिला होता? शब्द आपण देतो, त्यांच्या वतीनं, चहा पिताना. "हा पुढं जाणार बघा." तो आपल्या परीनं जातोही पुढं, पायांना जमेल तितका. जिथं पाय थांबतात तिथं आपण म्हणतो, यानं निराशा केली. माझ्याबद्दल कुणी काही ठरवलं नव्हतं, म्हणून राज्याच्या संघातून मला वगळलं तेव्हा घरी फक्त एवढंच झालं, की आई म्हणाली, "बरं झालं, आता पापड लाटायला माणूस मिळालं."

तर चार वाजले. टँकर आला नव्हता. वाटेत कुठंतरी बंद पडून बसला होता, पण ते आम्हाला नंतर कळलं. कोर्ट वरून सुकलेलं, फक्कीच्या रेषा झकास. बाबा फेटा बांधून सभापतींच्या शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे. दानूदादाच्या गळ्यात हार. सभापती नारळ फोडायला कोर्टाच्या मध्यावर निघाले आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला पाय पुढं आला, चप्पल मागं राहिली. वरची साय फाटली होती. खाली नुसता चिखल. शिपाई चप्पल काढायला गेला, तो घोट्यापर्यंत गेला. तालुक्याच्या संघाचा कप्तान जोशात धावत आला, आणि जिथं थांबायचं नव्हतं तिथं थांबला.

जिल्ह्यात जमिनीला भेगा पडल्या होत्या, आणि आमचा सामना चिखलामुळे रद्द झाला.

"शाळेच्या इतिहासात प्रथमच," हेडसर पुटपुटले.

"फार वाईट झालं," दानूदादा म्हणाला. इतक्या सुबक आवाजात म्हणाला, की माझ्या डोक्यात तेव्हा कुठं दिवा लागला. ती मातीची गोळी! तो कोरडा कोपरा! मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आपल्या हारातल्या झेंडूकडे पाहिलं.

सगळं निभावलं असतं. भाषणं झाली असती, नारळ बांधावर फुटला असता, बाबा खुशीत घरी गेले असते. पण फाटकातून कोंडाबाई आली. शाळेमागच्या आळीतली, कमरेवर घागर, मागं तसल्याच घागरींची रांग. आमच्या हौदावर त्या आळीचंही पाणी होतं.

"हौदात चिमनीला चोच बुडवायला पानी न्हाई! गेलं कुठं?"

कुणी बोललं नाही. सभापतींचा अनवाणी पाय मात्र बोलत होता. कोंडाबाईनं तो पाहिला, मग कोर्ट पाहिलं.

"अगं माज्ये माये! आमी लेकरांची तोंडं वल्या फडक्यानं पुसतो, अन् हितं जिमिनीला न्हाऊ घातलंय! कुनी केलं ह्ये?"

सातवीच्या मुलींनी, अगदी शिस्तीत, एकदम माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरीनबाई," कोंडाबाई म्हणाली, "आता ती शिट्टी वाजवा. बघू शिट्टीतनं पानी येतं का."

लोक हसले. मी रडले, भोकाड म्हणतात ते. आणि तेवढ्यात दानूदादा उठला. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मावशी, हौद बाईंनी ओतला. पण शेवटच्या बादल्या माझ्या आहेत. बाईंना कळत नव्हतं, मला कळत होतं."

कोंडाबाईनं मान मागं टाकून त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याला जरा वेळ लागतो. "पाटोळ्याचा ना रं तू? येवढा वर गेलास, वरनं पानी तरी धाडायचं."

"आणून देतो," तो म्हणाला.

मिरवणुकीची बैलगाडी फाटकाशी उभी होतीच. तिच्यात त्यानं शाळेची पिंपं चढवली आणि तळ्याकडे नेली. तळ्याच्या पोटात एक जुनी विहीर होती, डोक्यावरून आणायला लांब, पण तिला तळाशी पाणी होतं. बँडवाल्यांनी सुपारी घेतलेली. वाजवलं नाही तर पैसे कसे मागायचे, म्हणून तेही मागून वाजवत गेले आणि वाजवत आले. अशी दानूदादाची मिरवणूक निघाली. गाडीला पताका, गाडीत हिंदकळणारी पिंपं, मागं बँड, आणि सत्कारमूर्ती बैलांच्या पुढं पायी, ओल्या शर्टानं.

गाडी हौदापर्यंत येईना, मध्ये माझा चिखल. म्हणून फाटकापासून हौदापर्यंत घागरी वाहायच्या. बाया लागल्या, मुली लागल्या, मी शिट्टी काढून कमरेला खोचली आणि लागले. दानूदादा दोन हातांत दोन घागरी घेऊन चालत होता. रिकाम्या हातानं त्याचं लंगडणं लपत होतं, ओझ्यानं लपेना. दर पावलाला तो उजवीकडे कलायचा, आणि घागरीतलं पाणी त्याच्या पायावर सांडायचं.

पुढच्या खुर्चीवरून पाटोळेबाबा बघत होते. सभापती त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होते, ते तसंच सोडून बाबा उठले आणि चिखलाच्या कडेकडेनं दानूदादासमोर येऊन थांबले.

"पायाला काय झालं?"

"काय न्हाई, बाबा." बोर्डिंगची आणि मुंबईची सगळी भाषा त्याच्या तोंडातून गळून गेली होती.

"दानू."

त्यानं घागरी खाली ठेवल्या. "गुडघा गेला, बाबा. लई दिस झाले. गिरनीनं काढलं."

"अन् हिंदुस्तानची टीम?"

"न्हाई, बाबा. न्हाई झालं."

बँडवाले तेव्हाच नेमके थांबले होते. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. एवढ्या माणसांत बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी हलली. बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता, दानूदादाचा दिसत होता. माझ्या आयुष्यात मी तिथून नजर काढण्यासाठी जितका जोर लावला तितका कशालाच लावला नसेल.

बाबांनी डोक्यावरचा सत्काराचा फेटा काढला. नवाकोरा, मीच पसंत केलेला. तो हातात गुंडाळला, गोल वळवून त्याची चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली.

"घागर दे हिकडं."

"ऱ्हाऊ द्या, बाबा."

"दे म्हनतो ना."

दानूदादानं घागर उचलून वडलांच्या डोक्यावर ठेवली. त्याला ती वर फेकावी लागली नाही. नुसती नेऊन ठेवली.

दुष्काळ सरेपर्यंत दानूदादा तळ्याच्या कामावर होता. पुढं शाळेनं त्याला घेतलं. दप्तरी शिपाई, मैदानावर सर. आमच्या मुली त्याच्या हाताखाली तालुक्यात जिंकायच्या आणि जिल्ह्यात हरायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं. तो स्टुलावर बसून शिकवायचा, पाय पुढं सरळ ठेवून. एकदा मात्र त्यानं लोहाराला बोलावून ते अंड्यासारखं कडं गोल करून घेतलं, आणि मुली महिनाभर हरत राहिल्या. पाटोळेबाबा कडुनिंबाखालच्या दगडावर येऊन बसायचे आणि नको तिथं टाळ्या वाजवायचे. सामन्याच्या आदल्या दिवशी मी हौदाकडे नुसती वळले तरी दानूदादा लांबून ओरडायचा, "बाई, हात मागं!" आता ते दोघंही नाहीत. तळ्यातला गाळ मात्र त्या मैदानात अजून आहे; चांगला पाऊस झाला की वर येतो.

मुक्ताला हे सगळं सांगितलं तेव्हा ती उठून बसली होती. "म्हणजे तो फ्लॉपच ना, आजी?" तिनं विचारलं, पण हळू.

"त्या फुली मारणाऱ्याला पाथर्डीला घेऊन ये," मी म्हटलं. "मी मैदानाला पाणी मारून ठेवते."

ती हसली. खिडकीखाली टँकरवाल्यानं पाइप गुंडाळला आणि रस्त्यावरचा ओला पट्टा बघता बघता वाळायला लागला. मला त्यात त्या संध्याकाळचा, फाटकापासून हौदापर्यंतचा ओला पट्टा दिसत होता.

हौद गळ्यापर्यंत भरला होता. कोंडाबाई जाताना माझ्या पाठीत एक धपाटा घालून गेली होती, म्हणजे प्रकरण मिटलं होतं. दानूदादा गाडीला बैल जुंपत होता. मी हौदाच्या कट्ट्यावर बसून काडीनं बुटांचा गाळ खरवडत होते, तर पाटोळेबाबा समोर येऊन उभे राहिले. उकलून खांद्यावर टाकलेला ओला फेटा. मी घाईघाईनं उठले, "बाबा, माझं चुकलं, मी उगीच हा सत्कार..." असं काहीतरी बोलू लागले. त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं. ते चिखलापलीकडच्या कड्याकडे बघत होते, त्या वाकड्या, बिनबुडाच्या कड्याकडे. मग म्हणाले,

"बाई, ह्यो चिखल कवा वाळंल? म्या त्येला खेळताना अजून येकदाबी पाह्यलं न्हाई."